बंदुकीच्या नळीतून दिसणारा इतिहास



व्याख्यानमालेत पुस्तकांवर बोललं जातं, नाटकांवर आणि चित्रपटांवर बोललं जातं. आज मी एका व्हिडिओ गेमचं परीक्षण करणार आहे. कादंबरीला जे प्रश्न विचारतो तेच प्रश्न त्या गेमला विचारणार आहे. कारण आपल्या घरातली मुलं इतिहासाच्या पुस्तकाजवळ जेवढा वेळ बसतात, त्याहून जास्त वेळ ती पडद्यावरच्या लढायांत असतात. तिथे त्यांना भूतकाळाबद्दल काहीतरी सांगितलं जात असतं. ते काय आहे, हे मोठ्यांनी समजून घेतलं पाहिजे.

गेमचं नाव ‘वुल्फेनस्टाइन: द न्यू ऑर्डर’. स्वीडनमधल्या उप्साला शहरातल्या मशीनगेम्स या कंपनीनं तो तयार केला आणि बेथेस्डानं मे २०१४ मध्ये बाजारात आणला. तो अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, हे पालकांसाठी आधीच सांगतो. हिंसा उघडी आहे आणि ती लहानांनी पाहण्यासारखी नाही. या मालिकेचं मूळ १९८१ सालचं. सायलस वॉर्नर या अमेरिकी प्रोग्रॅमरनं ‘कॅसल वुल्फेनस्टाइन’ लिहिला, त्यात नाझींच्या किल्ल्यातून निसटायचं होतं. पुढे १९९२ मध्ये इड सॉफ्टवेअरनं ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ आणला आणि फर्स्ट पर्सन शूटर या प्रकाराला आज आपण ओळखतो तो आकार आला. या प्रकारात पडद्यावर नायक दिसत नाही. दिसतात ते त्याचे हात आणि हातातली बंदूक. तो जे पाहतो तेच आपण पाहतो. डोळा आणि नेम एकाच रेषेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, माझं पुढचं सगळं बोलणं तिच्यावर उभं आहे.

‘न्यू ऑर्डर’ची कल्पना अशी. दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं नाही. १९४६ साल उजाडलंय, जर्मनीची शस्त्रं अचानक जगाच्या कितीतरी पुढे गेली आहेत आणि दोस्त राष्ट्रं हरत चालली आहेत. अमेरिकी सैनिक ब्लाझकोविच एका नाझी सेनापतीच्या किल्ल्यावर शेवटचा हल्ला करतो. हल्ला फसतो. डोक्यात धातूचा तुकडा घुसून तो पोलंडमधल्या एका मनोरुग्णालयात चौदा वर्षं जिवंत प्रेतासारखा पडून राहतो. १९६० मध्ये तो शुद्धीवर येतो तेव्हा नाझींनी जग जिंकलेलं असतं. अमेरिकेवर अणुबॉम्ब पडून तिनं शरणागती पत्करलेली असते. बर्लिन काँक्रीटच्या राक्षसी इमारतींनी भरलंय, चंद्रावर नाझींचा तळ आहे, रेडिओवर जर्मन भाषेतली पॉप गाणी वाजताहेत.

या गेमचं पहिलं मोठं यश त्या मनोरुग्णालयात आहे. चौदा वर्षं आपण, म्हणजे खेळणारे, खुर्चीत बसून फक्त पाहतो. आन्या नावाची परिचारिका भरवते. मधूनमधून वर्दीतली माणसं येतात आणि एकेका रुग्णाला घेऊन जातात. तो परत येत नाही. हातात बंदूक नाही, हलताही येत नाही. हा प्रसंग नुसता कल्पनेतला नाही. नाझी राजवटीनं १९३९ पासून खरोखरच अपंग आणि मनोरुग्ण माणसांना ठार मारण्याची योजना राबवली होती. डॉक्टरांनी अर्ज भरले, खुणा केल्या आणि माणसं मेली. गेमनं ही खरी गोष्ट बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितली नाही. आपल्याला निष्क्रिय बसवून ती दाखवली. या प्रकारच्या खेळात हे धाडस आहे.

दुसरं यश आगगाडीतल्या प्रसंगात. वेष बदलून बर्लिनला निघालेल्या नायकाला एक नाझी अधिकारी बाई समोर बसवते. ती छायाचित्रं मांडते, यातलं निवड म्हणते, तुझं रक्त शुद्ध आहे की नाही ते मला कळेल म्हणते. टेबलावर पिस्तूल ठेवलेलं आहे. एरवी दर मिनिटाला गोळ्या झाडणाऱ्या खेळाडूला इथे हात आवरावा लागतो. मोह झाला आणि पिस्तुलाकडे हात नेला, तर मरण. दहशतीखाली जगणं म्हणजे काय, हे दहा लढायांनी सांगितलं नसतं ते या टेबलानं सांगितलं.

तिसरं, बंडखोरांचं घर. गेममधल्या भूमिगत गटाचं नाव क्रायसाउ मंडळ. या नावाचा गट जर्मनीत खरोखर होता. हेल्मुट फॉन मोल्टके या कायदेतज्ज्ञाच्या क्रायसाउ इथल्या घरी हिटलरनंतरच्या जर्मनीचा विचार करणारी माणसं जमत. मोल्टकेला जानेवारी १९४५ मध्ये फाशी दिली. गेममध्ये त्या गटात एक पूर्वाश्रमीचा नाझी सैनिक आहे. त्याचं बाळ पायात व्यंग घेऊन जन्मलं म्हणून त्याच्याच राजवटीनं ते मारलं. आता तो मेंदूला इजा झालेल्या एका तरुणाला पोटच्या पोरासारखं सांभाळतो. शत्रूच्या बाजूचा माणूसही बदलू शकतो, हे शूटरमध्ये क्वचित दिसतं.

आता दोष. हा दोष मला गंभीर वाटतो. नाझी का जिंकले, याचं गेमनं दिलेलं उत्तर असं, की एका गुप्त ज्यू पंथाचं प्राचीन आणि अद्भुत तंत्रज्ञान त्यांच्या हाती लागलं. झालं. म्हणजे इतिहास फिरला तो एका चोरलेल्या यंत्रामुळे. मतदार, कारखानदार, सह्या करणारे अधिकारी, खिडकी लावून घेणारे शेजारी, यांच्यापैकी कुणाकडेही बोट जात नाही. खऱ्या जर्मनीत हुकूमशाही आली ती कुठल्या जादूनं नाही, माणसांच्या होकारानं आणि मौनानं आली. पर्यायी इतिहास लिहिणाऱ्यानं हे कारण टाळलं, तर उरते ती नुसती सजावट.

इथे मला आपल्या मराठीतलं उदाहरण आठवतं. डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तिचं इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे. १४ जानेवारी १७६१. आपल्या इतिहासात विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठी फौजेचा धीर सुटला. कथेत ती गोळी कानाला चाटून जाते आणि मराठे जिंकतात. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात जाऊन पोचतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनीची सत्ता मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणांपुरती उरली आहे.

फरक पाहा. नारळीकरांनी बदलली ती एक गोळी. त्या गोळीनंतरचं सगळं त्यांनी माणसांच्या शहाणपणावर सोपवलं. त्यांच्या कथेत पेशव्यांनी पुढे विज्ञानाचं महत्त्व ओळखलं, आपली केंद्रं उभारली आणि देश हळूहळू लोकशाहीकडे गेला. विजय मिळाला एवढ्यानं ते थांबले नाहीत, विजयाचं काय केलं हे त्यांनी विचारलं. ‘न्यू ऑर्डर’मध्येही एक फाटा आहे. सुरुवातीलाच खलनायक, म्हणजे तो नाझी सेनापती, आपल्याला विचारतो, तुझ्या दोन साथीदारांपैकी कुणाला मारू? आपण जो निवडतो त्यावर पुढची कथा थोडी बदलते, वेगळी माणसं भेटतात. पण दोन्ही वाटा त्याच लढायांतून त्याच शेवटाला जातात. निवडीचं ओझं आहे, निवडीचा परिणाम नाही.

आणखी एक ठिकाण आहे जिथे मला खेळ थांबवावासा वाटला. नायक एका शास्त्रज्ञाला सोडवण्यासाठी श्रमछावणीत जातो, त्याच्या हातावर क्रमांक गोंदला जातो. इथपर्यंत छाती दडपते. मग तो एक अजस्र यंत्रमानव ताब्यात घेतो, पहारेकऱ्यांचा चुराडा करतो आणि कैदी सुटतात. आता खरी गोष्ट ऐका. पोलंडमधल्या सोबिबोर छावणीत १४ ऑक्टोबर १९४३ रोजी कैद्यांनी उठाव केला. सुमारे ३०० जण कुंपणाबाहेर पडले, आणि युद्ध संपेपर्यंत त्यांतले सुमारे ५० जिवंत राहिले. त्यांच्याकडे होत्या कुऱ्हाडी, सुऱ्या आणि अपार धैर्य. ज्यांना यंत्रमानव मिळाला नाही त्यांच्या धैर्याची किंमत अशा प्रसंगानं कमी होते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता मी आपल्या गावाकडे, हिमायतनगरकडे वळतो, कारण हा विषय मी इथे मुद्दाम निवडला. जुन्या माणसांच्या तोंडी हे गाव अजून वाढोणा आहे. पलीकडे पैनगंगा वाहते. आज ती दोन जिल्ह्यांमधली नदी आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ती सरहद्द होती. अलीकडे हैदराबादच्या निझामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड, स्वतंत्र भारत. १५ ऑगस्ट १९४७ ला पलीकडच्या काठावर तिरंगा लागला आणि अलीकडे तो लावणं गुन्हा होता. इतिहास दुसरीकडेही वळू शकला असता, हे समजायला आपल्याला बर्लिनला जायची गरज नाही.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी निझाम आणि भारत सरकार यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. त्या काळात लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी, म्हणजे निझामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावंच्या गावं जाळली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांनी हैदराबादेत शस्त्रं उतरवत होता. निझामानं संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली होती. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते, त्यांचे कार्यकर्ते सरहद्दीवरच्या कॅम्पांतून लढत होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निझामानं हार मानली. यातली एखादी कडी निराळी पडली असती तर? हा प्रश्न कुण्या तरुणानं गेममध्ये मांडला, तर मला त्यात काही गैर वाटणार नाही. पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपन्या आहेत, ‘राजी’सारखा आपल्या कथांवरचा गेम तिथे झालाही आहे. नांदेड, लातूरची मुलं प्रोग्रॅमिंग शिकताहेत. उद्या आपल्या भागावरचा शूटर आला तर आश्चर्य नाही.

तो कसा असावा, हे सांगण्यासाठी मी दोन गोष्टी पुढे ठेवतो.

पहिली उमरीची. जानेवारी १९४८ मध्ये आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या उमरी इथली बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. गेमवाल्याला हा प्रसंग फार आवडेल: हल्ला, पैशांच्या थैल्या, पलायन. पण आपण आजही अभिमानानं सांगतो ती गोष्ट त्यानंतरची. त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि तो पुढे सरकारला सादर झाला. शूटरमध्ये लुटीचा हिशेब कुणी मागत नाही, काडतुसं उचलायची आणि पुढे जायचं. आपल्या लढ्यात मात्र बंदूक हाती घेणारा वहीही सांभाळत होता. ती वही ज्या गेममध्ये नाही, तो उमरीचा गेम नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जड आहे, पण ती टाळून मी या व्यासपीठावरून उतरू शकत नाही. मुक्तीनंतरच्या दिवसांत या भागात मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं पाहणी केली. कारवाईच्या काळात आणि नंतर २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर आपलं नांदेड होतं. रझाकारांचे अत्याचार खरे, ते विसरायचे नाहीत. पण मारले गेलेले हे लोक बहुतांशी रझाकार नव्हते, शेजारी होते. त्याच अहवालात हेही आहे, की आपला जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही होते.

आता सुरुवातीला सांगितलेली गोष्ट पुन्हा आठवा. डोळा आणि नेम एकाच रेषेत. असा डोळा समोरच्या माणसात फक्त लक्ष्य पाहतो. ‘न्यू ऑर्डर’मध्ये खलनायक मेला की पडदा मिटतो. नाझी गेल्यावर बर्लिनच्या गल्लीत राहणाऱ्या सामान्य जर्मन माणसाचं काय झालं, त्याच्या शेजाऱ्यानं त्याला कसं वागवलं, हे विचारायला तिथे कुणी उरत नाही. खऱ्या इतिहासात ज्या दिवशी बंदुका थांबतात त्याच दिवशी सर्वांत अवघड परीक्षा सुरू होते. त्या परीक्षेत आपला जिल्हा कुठे पास झाला आणि कुठे नापास, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं.

म्हणून गेमचा माझा निकाल असा. कारागिरीत ‘न्यू ऑर्डर’ उत्तम आहे. मनोरुग्णालय आणि आगगाडी हे दोन प्रसंग त्याला मोठेपण देतात, आणि ते दोन्ही प्रसंग बंदूक बाजूला ठेवल्यावरच साधले आहेत. इतिहासाची कारणं सांगताना तो कच्चा आहे, आणि विजयानंतरची जबाबदारी तो ओळखतच नाही. मोठ्या मुलांनी तो जरूर खेळावा. पालकांनी रागावण्याऐवजी शेजारी बसावं आणि विचारावं: हे लोक जिंकले ते कशामुळे? तू ज्याला मारलंस तो कोण होता? जिंकल्यावर तू काय करणार?

आणि या सभागृहात बसलेल्या तरुणांनो, आपल्या मुक्तिसंग्रामाचा गेम तुम्ही खरंच बनवणार असाल, तर आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना भेटा, सर्व समाजांतल्या. त्यांच्या आठवणी लिहून घ्या. ती पिढी आता फार थोडी उरली आहे. लढाई जरूर ठेवा, आपल्या लोकांनी ती लढली आहे. पण गेम १७ सप्टेंबरला संपवू नका. १८ तारखेची सकाळही खेळायला ठेवा. दारात भेदरलेला शेजारी उभा आहे, हातात बंदूक आहे, आणि काय करायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं आहे. जो गेम हा प्रश्न विचारेल, त्याचं परीक्षण करायला मी पुन्हा इथे येईन.