परक्या गजाचें माप

सन १८७३ मध्यें जपानच्या सम्राज्ञीनें आपले दांत काळे करण्याचें सोडून दिलें. बातमी दिसावयास लहान. परंतु त्या देशांतील लक्षावधि घरांत आरशासमोर बसणाऱ्या स्त्रीच्या मनांत तिनें एक नवाच प्रश्न उत्पन्न केला. काल जें रूप सुंदर होतें तें आज कुरूप कसें झालें?

तोंपर्यंत तेथील विवाहित स्त्री लोखंडाचे तुकडे सिरक्यांत भिजत घालून, त्या पाण्यांत मायफळाची पूड मिसळून, तें काळें पाणी दांतांवर चढवीत असे. भुंवया काढून टाकीत आणि चेहऱ्याला पांढरा लेप देत. रोगणासारखे चकाकणारे काळेभोर दांत हें प्रौढतेचें आणि कुलीनतेचें लक्षण होतें. महाराष्ट्रांतही एके काळीं सुवासिनीचें काळें दांतवण सौभाग्याचें चिन्ह समजत. तेव्हां ही चाल आपणांस अगदींच चमत्कारिक वाटावयास नको.

सन १८५३ मध्यें अमेरिकेचीं लढाऊ गलबतें जपानच्या किनाऱ्याला लागलीं आणि पुढें परराष्ट्रांशीं विषम अटींचे तह करणें त्या देशास भाग पडलें. पाठोपाठ वकील, व्यापारी व प्रवासी आले. ब्रिटिश वकील सर रदरफोर्ड ॲलकॉक यांनीं आपल्या १८६३ च्या ग्रंथांत या काळ्या दांतांचें वर्णन किळस येऊन केलें आहे. ज्या राष्ट्राच्या तोफा मोठ्या, त्याची नापसंतीही मोठी ठरते. आपणांस कोणी रानटी म्हणूं नये, तह बरोबरीच्या नात्यानें पुन्हां व्हावे, यासाठीं जपानी मुत्सद्द्यांनीं जी धडपड केली, तींत स्त्रियांचे चेहरेही ओढले गेले. १८७० मध्यें सरदार घराण्यांस दांत काळे करण्याची व भुंवया काढण्याची मनाई झाली. तीन वर्षांनीं सम्राज्ञीनें स्वतः उदाहरण घालून दिलें. १८८३ मध्यें टोकियोंत परदेशी पाहुण्यांसाठीं ‘रोकुमेइकान’ नांवाचें भवन उभें राहिलें आणि तेथें जपानी स्त्रिया युरोपीय पोषाख करून युरोपीय नाच नाचूं लागल्या.

हें सांगतांना जुन्याचीं स्तोत्रें गाण्याचें कारण नाहीं. तोंडाला लावण्याच्या त्या पांढऱ्या लेपांत शिशाचा सफेता असे, आणि त्याचें विष अंगांत भिनून माणसें आजारी पडत. गोऱ्या रंगाची आवडही जपानांत युरोपीयांच्या आधींपासूनच होती. स्त्रीनें कसें दिसावें याचा हुकूम समाज पूर्वींही सोडीतच होता. फरक एवढाच कीं, पूर्वींचें माप तिच्याच देहाच्या ठेवणीला जुळणारें होतें. नवें माप दुसऱ्याच देहावरून घेतलेलें होतें.

दांत स्वच्छ करतां येतात, पोषाख उतरून ठेवतां येतो. पण एकदां परका गज हातीं आला म्हणजे तो तेवढ्यावर थांबत नाहीं. १८९६ मध्यें मिकामो नांवाच्या जपानी शस्त्रवैद्यानें वरच्या पापणीवर रेशमी दोऱ्यानें टांके घालून घडी पाडण्याची कृति प्रसिद्ध केली. अशी घडी कित्येक जपानी लोकांस जन्मतःच असते, हेंही खरें. परंतु ज्यांना ती नाहीं त्यांनीं ती पाडून घ्यावी, ही वाट तेव्हांपासून खुली झाली. पुढें १९५३ मध्यें अमेरिकेंतील ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धेंत किनुको इतो ही जपानी तरुणी तिसरी आली, आणि सगळ्या जपानांत ‘हात्तोशिन’ हा एकच शब्द दुमदुमूं लागला. त्याचा अर्थ, जिची उंची डोक्याच्या आठपट आहे अशी स्त्री. गंमत अशी कीं, सर्वसामान्य माणसाची उंची डोक्याच्या सात-साडेसात पटींच्या आसपासच असते. आठ पटींचें प्रमाण हें पाश्चात्त्य चित्रकारांनीं व शिल्पकारांनीं कल्पिलेल्या आदर्श आकृतीचें. म्हणजे ज्या मापांत युरोपांतील सामान्य बाईही बसत नाहीं, तें माप जपानी मुली आपल्या अंगाला लावून पाहूं लागल्या. १९६७ मध्यें ट्विगी ही अतिशय सडपातळ इंग्रज युवती जपानांत आली, तेव्हां तोकड्या झग्याबरोबर कृशतेचेंही वेड फैलावलें.

या वेडाचा हिशेब अखेर देहालाच चुकवावा लागतो. २०१९ च्या तेथील सरकारी आरोग्य-पाहणींत विशींतील दर पांच स्त्रियांपैकीं सुमारें एक स्त्री प्रमाणाबाहेर कृश आढळली. दीड मीटर उंचीच्या स्त्रीचें वजन साडेएकेचाळीस किलोंहून कमी असावें, असें हें मान आहे. आणि ही कृशता अन्नाच्या टंचाईमुळें आलेली नाहीं, देश संपन्न आहे. १९७५ च्या सुमारास शंभरांतील पांच बालकें अडीच किलोंहून कमी वजनाचीं जन्मत; पुढें हें प्रमाण नवांच्या वर गेलें. त्याचीं कारणें अनेक आहेत, पण आईची कृशता हें त्यांतील एक होय. म्हणूनच २०२१ मध्यें तेथील वैद्यकांनीं गर्भवतीचें वजन किती वाढावें याची मर्यादा वर नेली, आणि कृश स्त्रीनें बारा ते पंधरा किलो वाढावें असें ठरविलें. पोरीच्या आरशाचें कर्ज नातवंडाला फेडावें लागतें, तें असें.

कोणी म्हणेल, ज्याची त्याची आवड आहे. त्यांत परक्याचा काय संबंध? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु आवड खरोखर मोकळी असती, तर ती दहा दिशांना गेली असती. एखादी युरोपीय स्त्री आपल्या पापणीवरील घडी काढून टाकण्यासाठीं शस्त्रवैद्याकडे गेली असती. तसें सहसा घडत नाहीं. सारी वाहतूक जेव्हां एकाच बाजूस चालते, तेव्हां रस्त्याला उतार आहे हें ओळखावें.

हा उतार आपल्या अंगणांतूनही गेला आहे. १९७५ मध्यें भारतांत ‘फेअर अँड लव्हली’ हें मलम बाजारांत आलें आणि घरोघर पोंचलें. २०२० मध्यें त्याच्या नांवांतील ‘फेअर’ हा शब्द गळला. डबीवरचा शब्द गेला, तरी वधूपाहिजेच्या जाहिरातींतला ‘गौरवर्ण’ सुटलेला नाहीं. ज्या देशांत द्रौपदीला तिच्या सांवळ्या कांतीवरून ‘कृष्णा’ हें नांव पडलें आणि तिच्या स्वयंवरासाठीं राजेरजवाडे लोटले, त्या देशांत सांवळी मुलगी दाखवावयाची म्हटली कीं आई-बाप आधीं दिवा मंद करतात!

सम्राज्ञीच्या उदाहरणानें एका देशाचा आरसा बदलला. सामान्य घरांतही एक सम्राज्ञी असते. लेक तिच्याकडे पाहूनच स्वतःकडे पाहावयास शिकते. ‘काळी पडलीस, उन्हांत जाऊं नकोस’, ‘एवढें खाऊं नकोस, जाड दिसशील’ हीं वाक्यें प्रेमानें उच्चारलेलीं असलीं, तरी त्यांत तोच परका गज असतो. तीं गिळून मुलीच्या ताटांत आणखी एक भाकरी वाढणें कोणाही आईला अवघड नाहीं.