पहिला घोट कोण पाजतं?

(सोलापूर येथील युवक-युवती शिबिरात एका कार्यकर्तीने केलेले भाषण)

डोंगरातल्या गावांहून रात्रभर एस.टी.नं आलेल्या आयांनो, बापांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या पोरांनो, आज तुमच्याबद्दलच बोलायचं आहे.

मी पारध्याची पोर. बारावी शिकले. डॉक्टर नाही, म्हणून दारूनं लिव्हर कसं सडतं ते सांगणार नाही. जे बघितलं तेवढं सांगते.

माझा भाऊ चौदाव्या वर्षी पहिल्यांदा प्याला, ऊसतोडीच्या फडात. रात्री ट्रॅक्टर भरायचा होता, थंडी होती. मुकादम म्हणाला, "घे रे, अंग दुखायचं थांबंल. आता गडी झालास." त्या बाटलीचे पैसे नंतर आमच्या उचलीत धरले. म्हणजे पाजली त्यानं आणि फेडली माझ्या आईनं. पोराला दारूची चव आवडली नव्हती. "गडी झालास" हे ऐकायला आवडलं होतं.

पुढं आमच्या वनजमिनीच्या दाव्याची पडताळणी आली. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आम्ही ती जमीन कसतो. बाप वारलेला, बांध कुठला, जुनी विहीर कुठली, हे भावालाच ठाऊक. तो त्या दिवशी उठलाच नाही. आई एकटी रानात फिरत होती. दावा मागं पडला, अजून लोंबकळतोय. तेव्हापासून मला कळलं की दारूचा आणि जमिनीचा प्रश्न वेगळा नाही.

लोक म्हणतात, आदिवासी जातच पिणारी. मग 19 मे 2024 ची पुण्यातली गोष्ट आठवा. कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते मेले. आधी तो मित्रांबरोबर पबमध्ये प्याला असा आरोप आहे. त्याला आधी जामीन मिळाला तो तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर. लोक खवळले, तेव्हा तो निर्णय बदलला. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली.

आता सांगा, आपला पोरगा आणि तो पोरगा, दोघांत फरक काय? सुरुवात सारखीच. दोस्त म्हणतात घे, मोठी माणसं बघून न बघितल्यासारखं करतात. आपल्याकडं लग्नाची वरात, निवडणुकीतलं वाटप, मुकादम. हॉस्टेलात सिनियर पोरं. बंगल्यात वाढदिवसाची पार्टी आणि बापाचं कपाट. आपल्या राज्यात बिअरला 21 वर्षं आणि कडक दारूला 25 वर्षं वय लागतं. पण वय विचारतं कोण?

फरक पडतो तो पुढं. पैसेवाल्याच्या पोरासाठी वकील धावतो. आपल्या पोराचं नाव आधीच चोराच्या यादीत धरलेलं असतं. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली याच सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, नजर गेली नाही. म्हणून आपल्याला एक घोटसुद्धा महाग पडतो.

आपल्या माणसांना हे पूर्वीच कळलं होतं. 1922 साली पालघरच्या किनाऱ्यापासून सुरत, डांगपर्यंत आदिवासींच्या अंगात देवी आली. देवी म्हणाली, दारू-ताडी सोडा. दारूच्या उधारीत जमिनी दुकानदाराच्या घशात चालल्या होत्या. लोकांनी दुकानावर बहिष्कार टाकला. बाहेरून कुणी शहाणा शिकवायला आला नव्हता. पुढं गडचिरोलीत लोक लढले आणि 1993 ला जिल्ह्यात दारूबंदी झाली.

मोहाच्या फुलाला मी नावं ठेवत नाही. देवाला वाहायची ती रीत म्हाताऱ्यांची आहे. चौदा वर्षांच्या पोराला फडात, नाक्यावर पाजायची रीत कुठल्या देवाची? आणि हातभट्टी लावणाऱ्या बाईलाही शिव्या देऊ नका. तिला जमीन द्या, काम द्या. भट्टी फोडली आणि चूल विझली, तर ती परत लावणारच.

आता करायचं काय? चार गोष्टी.

एक, पोराला बाटली आणायला पाठवायचं नाही. बापांनो, हे तुमच्यासाठी.

दोन, मुकादमाशी उचल ठरवतानाच सांगायचं, पोरांना दारू दिली तर पैसे कापू देणार नाही.

तीन, पेसा गावांतल्या ग्रामसभेला दारूवर बंदी किंवा नियंत्रण आणायचा अधिकार 1996 च्या कायद्यानं आहे. तो वापरा. सोलापूर पेसात नाही. पण परवान्याचं दुकान असेल तर चतुर्थांश बायांनी मागणी केली की मतदान घेता येतं. निम्म्याहून जास्त बायांनी आडवी बाटली केली की दुकान बंद.

चार, पोरांना काम द्या. दाव्याचे कागद लिहायला, हद्द मोजायला, नकाशा काढायला त्यांना पुढं करा. "गडी झालास" हे त्यांनी मुकादमाच्या तोंडून का ऐकावं? ग्रामसभेच्या तोंडून ऐकू द्या.

माझा भाऊ आज इथं आलाय. पुढच्या पडताळणीला हद्द तोच दाखवणार, असं त्यानं आईला सांगितलंय. त्याला नाव घेऊन उभं करत नाही, लाजतो. पण पोरांनो, तुम्ही त्याच्या शेजारी बसा.

जिंदाबाद!