युरेनियमचा कापूर



शिशापेक्षाही जड असा युरेनियम धातू कधी हवेत उडेल, असं कुणाला वाटणार नाही. पण त्याच्या एका अणूला फ्लोरिनचे सहा अणू जोडले, की पांढरे स्फटिक मिळतात आणि साडेछप्पन्न अंश सेल्सियसला ते न वितळता थेट वायुरूप होतात, आपल्या देव्हाऱ्यातल्या कापरासारखे. हेच युरेनियम हेक्साफ्लोराइड.

या उडून जाण्यातच त्याची किंमत आहे. निसर्गातल्या युरेनियमात अणुभट्टीच्या कामाचा 235 वजनाचा समस्थानिक शेकडा 0.7 एवढाच, बाकी जवळजवळ सगळा 238. रासायनिक गुण दोघांचे सारखेच, तेव्हा निवड करायची ती वजनावरून, आणि त्यासाठी वायू हवा. फ्लोरिनचं आणखी एक बरं असतं: निसर्गात त्याचा एकच समस्थानिक आहे. क्लोरिन घेतला असता, तर त्याच्या दोन समस्थानिकांनी वजनाचा हिशेब पार बिघडवला असता. इथे मात्र एक रेणू 349चा, दुसरा 352चा. फरक टक्काभरसुद्धा नाही! म्हणून तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ओक रिज इथे हा वायू सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून, हजारो टप्प्यांत, गाळावा लागला. आज ते काम सेंट्रिफ्यूज करतात.

वायू मात्र खाष्ट. साध्या वंगणतेलाशीही त्याचं जमत नाही. त्याच्यापुढे निकेल मात्र टिकतं: त्यावर फ्लोराइडचा पातळ थर बसतो आणि तोच धातूला राखतो.

पाण्याशी तर त्याचं हाडवैर. हवेतला ओलावासुद्धा त्याला पुरतो. युरेनिल फ्लोराइडचा पांढरा धूर उठतो आणि सोबत हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. 4 जानेवारी 1986 रोजी ओक्लाहोमातल्या गोर इथल्या कारखान्यात एक सिलिंडर काट्यावर नीट बसला नव्हता. वजन कमी दिसलं, माल जास्त भरला गेला. जादा माल काढायचा म्हणून सिलिंडर वाफेवर तापवला. बंद सिलिंडरातल्या दाबाखाली मात्र हा पदार्थ वितळतो, आणि वितळताना तिसऱ्या हिश्शाहून जास्त फुगतो. सिलिंडर फुटला आणि एक तरुण कामगार दगावला. किरणोत्साराने नव्हे, फुप्फुसात गेलेल्या आम्लाने. ‘किरणोत्सारी’ शब्दाला आपण दचकतो. या पदार्थापुरतं सांगायचं तर आधी भ्यावं ते फ्लोरिनला.

235 काढून घेतल्यावर उरलेला हेक्साफ्लोराइड अमेरिकेत वर्षानुवर्षं पोलादी सिलिंडरांत साठत गेला. आता केंटकी आणि ओहायोमध्ये त्याची वाफेशी मुद्दाम, पण बंदिस्त भांड्यात गाठ घालतात. युरेनियम ऑक्साइड बाजूला ठेवतात आणि सुटलेलं हायड्रोफ्लोरिक आम्ल चक्क उद्योगांना विकतात.