शनिवारचा डाव



‘हल्ली काय करतेस’ यावर बोलायला सांगितलंय. नोकरीबद्दल बोलले तर तुम्ही चहाला उठाल, म्हणून खेळाबद्दल बोलते.

आपल्या वर्गातल्या आम्ही तिघी दर शनिवारी रात्री ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा लढाईचा गेम ऑनलाइन खेळतो. 2003 पासूनचा, फुकट. षटकोनी घरांचा पट आणि बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल. आमच्यातल्या एकीची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. फोनवर बोलताना तिला सारखं उठावं लागायचं, मग फोनच थांबले. हा खेळ मात्र तिच्यासाठी थांबतो. वेळेची मर्यादा लावायची नाही, एवढंच. ती औषध देऊन, आईची कूस बदलून सावकाश परत येते.

शत्रू कुठवर पोचेल ते कंट्रोल-व्ही दाबून दिसतं. ‘यू’ दाबून चाल मागे घेता येते, पण वार केल्यावर नाही. गावं घेतली की पैसे मिळतात, जखमाही भरतात. खरी गंमत दिवसरात्रीची! माणसांची फौज दिवसा 25 टक्के जास्त जोराने मारते, ऑर्क रात्री. म्हणून अंधारात मागे सरायचं, जखमींना गावात बसवायचं आणि उजाडलं की चढाई. (गणिताच्या बाई, किल्ल्यातल्या भालेवाल्याला वार लागायची शक्यता 40 टक्केच असते. मी अजूनही कागदावर मांडते.)

आम्हा दोघींना रात्री थांबवत नाही. ती थांबते, आणि बहुतेक वेळा जिंकते.

चौथा भिडू हवाय. जेवणानंतर भेटा, लॅपटॉप आणलाय.