फोटोतली फुली ओळखणारी बाई



आकाशातून काढलेल्या फोटोत शत्रूचं गुप्त विमान कसं ओळखतात, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, ताई, बचतीचं आणि हप्त्यांचं सोडून हे कुठलं काढलं? पण या कामात एका बाईने मोठं नाव कमावलं, आणि तिची पद्धत आपल्यालाही शिकण्यासारखी आहे.

तिचं नाव कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ. राहणारी इंग्लंडची. दुसऱ्या महायुद्धाआधी ती विमानांवरच्या एका मासिकात लिहायची. युद्ध लागल्यावर ती हवाई दलाच्या महिला शाखेत गेली. थेम्स नदीजवळ मेडमेनहॅम इथल्या एका मोठ्या वाड्यात फोटो तपासण्याचं केंद्र होतं. तिथं बऱ्याच बायका काम करत. विमानं ओळखणाऱ्या विभागाची ती प्रमुख होती.

तेव्हा उपग्रह नव्हते. वैमानिक शत्रूच्या मुलखावरून उंच उडत जाऊन फोटो आणत. एकाच जागेचे, थोड्या अंतरावरून घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि दोन भिंगांतून बघायचे. मग इमारत उंच आणि खड्डा खोल दिसू लागतो. फोटो किती उंचीवरून, कोणत्या कॅमेऱ्याने घेतला हे माहीत असलं की वस्तूची लांबी मोजता येते. सावलीवरून उंचीचा अंदाज येतो. पंख किती लांब, सरळ की मागे झुकलेले, शेपटी कशी, यावरून विमान ओळखायचं. आणि जुना फोटो जवळ ठेवायचाच. आधी इथं काय होतं आणि आता नवीन काय आलं, हे त्याशिवाय कळत नाही.

जर्मनीत बाल्टिक समुद्राकाठी पेनेमुंडे इथं नव्या शस्त्रांच्या चाचण्या चालत. जून १९४३ मधल्या तिथल्या फोटोंत तिला चार छोटी, वेगळ्याच घडणीची विमानं दिसली. शेपटीला आडवे पंखच नव्हते. ती रॉकेटवर उडणारी लढाऊ विमानं निघाली. नोव्हेंबरात वरिष्ठांनी सांगितलं, याहूनही लहान काही आहे का बघा. तिने जुने फोटो पुन्हा काढले. एका इमारतीशेजारी विमानाच्या आकाराची पुसट खूण सापडली. पंखांचा पसारा जेमतेम २० फूट.

मग समुद्राच्या कडेला बांधलेले चढते उतार तिला खटकले. बाकीच्या जाणकारांचं मत होतं, गाळ काढायची यंत्रं असतील. तिला ते पटलं नाही. २८ नोव्हेंबरला घेतलेल्या फोटोत अशाच एका उतारावर फुलीसारखं चिमुकलं विमान बसलेलं दिसलं. तो होता व्ही-१, वैमानिकाशिवाय उडणारा बॉम्ब. उत्तर फ्रान्समध्ये लंडनकडे तोंड करून जे तळ बांधले जात होते, ते कशासाठी, याचा उलगडा झाला. डिसेंबरपासून त्यांच्यावर हल्ले सुरू झाले. तरीही १३ जून १९४४ ला पहिला व्ही-१ लंडनवर पडलाच, आणि या बॉम्बांनी सुमारे ६ हजार माणसं मारली. तळ वेळेत ओळखले नसते, तर किती गेली असती?

पुढे उपग्रह आले. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या उपग्रहांना कॅस्पियन समुद्राकाठी सोव्हिएत संघाचं एक अवाढव्य विमान दिसलं. लांबी ९० मीटरच्या वर, पंख मात्र अगदी आखूड. अमेरिकनांनी त्याला 'कॅस्पियन समुद्राचा राक्षस' म्हटलं. खरं तर ते पाण्याच्या जरा वरून, पंखांखाली दाबल्या जाणाऱ्या हवेच्या आधाराने धावणारं यंत्र होतं. उंच उडायचंच नव्हतं, म्हणून पंख आखूड!

मैत्रिणींनो, फोटो वाचणाऱ्याच्या शब्दावर कुठंतरी बॉम्ब पडतो. म्हणून जेवढं दिसतं तेवढंच बोलायचं, हा त्या कामाचा नियम. आज उपग्रहाचे फोटो आपल्या मोबाइलवर आहेत. आपलं शेत, विहीर, ओढा त्यात शोधून बघा, सावल्या बघा, अंतर मोजा. आणि 'शत्रूचं गुप्त विमान सापडलं' असा फोटो कुणी पाठवला, तर आधी विचारा: हा कधीचा? कुठला? आकार किती? आधी तिथं काय होतं? उत्तर मिळेपर्यंत पुढे पाठवू नका. घाबरलेल्या गावात अफवेला पाय फुटायला वेळ लागत नाही.