कोर्टाची पायरी चढण्याआधी

(मलकपेठमध्ये सीमाभागातल्या मुलामुलींपुढे केलेलं बोलणं)



मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे, वकील नाही. तरी बोलायला उभा राहिलो, कारण माझ्या मामेभावाचं जे झालं ते तुमचं होऊ नये.

तो देगलूरकडचा. इथंच मलकपेठमध्ये एका गोडाऊनला होता. एका संध्याकाळी सेठ म्हणले, "कल से नक्को आ." कागद नाही, कारण नाही. एका तेलुगू कागदावर सही मात्र घेतली. भाऊ रागारागात रूमवर आला, फोनमधले कामाचे सगळे मेसेज डिलीट केले आणि रात्रीच्या गाडीनं गावी गेला. महिन्याभरानं तक्रार केली, तर उत्तर आलं: आम्ही काढलंच नाही, तोच काम सोडून गेला. आणि त्या तेलुगू कागदावर लिहिलं होतं, हिशोब पूर्ण मिळाला!

म्हणून पहिली गोष्ट. न वाचता सही करू नका. तेलुगू येत नसेल तर म्हणा, फोटो काढतो, वाचून घेतो, उद्या सही करतो.

दुसरी. पुरावा त्याच दिवशी गोळा करा. ओळखपत्र, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, पीएफचं पासबुक, ईएसआय नंबर, हजेरीचे फोटो, सेठचे व्हॉट्सॲप मेसेज. ग्रुपमधून काढलं तरी जुने मेसेज तुमच्या फोनमध्ये राहतात, ते पुसू नका. पगार रोख मिळत असेल तर सोबत काम करणाऱ्यांचे नंबर घेऊन ठेवा.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची. गावी जायच्या आधी मालकाला पत्र पाठवा. "अमुक तारखेला मला तोंडी काढलं. मी कामावर यायला तयार आहे. काढायचं कारण लेखी द्या, राहिलेला पगार द्या." एवढं पुरे. स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपून ठेवा. "तोच सोडून गेला" या बोलण्याला हेच उत्तर आहे. भावाकडं हे एक पत्र असतं तर!

चौथी. भांडण कशाचं, ते ठरवा. पगार अडकलाय की नोकरी परत पाहिजे? दोन्हीचे रस्ते वेगळे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. वेतन संहितेप्रमाणे काढलं किंवा तुम्ही राजीनामा दिला, तरी राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. तो दावा तीन वर्षांत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. नोकरीवरून काढल्याचा वाद मात्र दोन वर्षांच्या आत समेट अधिकाऱ्याकडं न्यायचा. तो दोघांना बोलावतो. तिथं मिटलं नाही, तर नव्वद दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडं जाता येतं. युनियन नसली, तुम्ही एकटेच असलात, तरी हा वाद चालतो.

तुम्हाला "सुपरवायझर" म्हणत असतील तर आधी विचारून घ्या. 18,000 च्या वर पगार आणि खरंच देखरेखीचं काम असेल, तर तुम्ही "कामगार" धरले जात नाही. पण नुसतं नाव सुपरवायझर आणि दिवसभर पोती उचलायची, तर काम काय करत होता ते बघितलं जातं.

पाचवी. अर्ज नांदेडला नाही, काम जिथं होतं तिथं, म्हणजे इथं हैदराबादेत. 1956 पर्यंत आपले आजोबा याच राज्यात होते, पण आता कचेऱ्या वेगळ्या. भाषेची अडचण असेल तर 15100 वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही.

भावाचं प्रकरण अजून चालू आहे. दर तारखेला देगलूरहून येतो, माझ्या रूमवर झोपतो, सकाळी विचारतो, "दादा, मी तो कागद वाचायला पाहिजे होता ना?"

आज रूमवर गेल्यावर एवढं करा. ओळखपत्राचा आणि गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या नोंदींचा फोटो काढून घरी कुणाला तरी पाठवून ठेवा. नोकरी चालू आहे तोवरच.