ध्वनीचे मौन
(ध्वनिसंग्रह लोकांसमोर ठेवण्याचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या संकेतस्थळावर जुन्या भाषणाचे ध्वनिमुद्रण ठेवलेले असते. ऐकणारा उत्सुकतेने बाणाच्या चिन्हावर बोट ठेवतो, आणि काहीच ऐकू येत नाही. आवाज वाढवून पाहिला जातो, मोबाईल कानाशी धरला जातो, आणि अखेर आपलेच यंत्र बिघडले असावे असे मानून तो गृहस्थ ते पान मिटतो. तक्रार कोणी करीत नाही. चित्र उमटले नाही तर रिकामी चौकट तरी दिसते; ध्वनी वाजला नाही तर मागे खूणही राहत नाही. या मौनाचे कारण बहुतेक वेळा बिघाड हे नसून नकार हे असते, ही गोष्ट प्रथमच ध्यानात घ्यावयास हवी. ब्राउझरने वाजविण्यास नकार दिलेला असतो, आणि तो ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचविण्याची तसदी ॲप्लिकेशनने घेतलेली नसते.

आरंभी ब्राउझरला स्वतःचा कंठ नव्हता म्हटले तरी चालेल. रिअलऑडिओ, फ्लॅश अशा जोड-साधनांकडून तो आवाज उसना घेई; त्यांपैकी फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. तत्पूर्वीच एचटीएमएल ५ या प्रमाणकाने ‘ऑडिओ’ हा घटक आणला होता. त्याच्या मसुद्यात ऑग व्हॉर्बिस हा मुक्त ध्वनिप्रकार सर्व ब्राउझरांनी वाजवावा अशी शिफारस होती. नोकिया व ॲपल यांच्या आक्षेपांनंतर डिसेंबर २००७ मध्ये ती वगळण्यात आली, आणि तिच्या जागी दुसरे कोणतेच नाव बंधनकारक झाले नाही. एमपी३ सर्वत्र रूढ होता खरा, पण तो पेटंटांनी बांधलेला होता. त्याचे परवाने देण्याची योजना जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने एप्रिल २०१७ मध्ये बंद केली. मधल्या वर्षांत एक ब्राउझर ऑग वाजवी, तर दुसरा एमपी३. एकाच गाण्याच्या दोन प्रती ठेवण्याची रीत त्यातून पडली. आज एमपी३ सर्व प्रमुख ब्राउझरांत वाजतो, त्यामुळे हा तंटा बव्हंशी मिटला आहे.

त्या काळाची एक आठवण मात्र प्रमाणकात टिकून आहे. अमुक प्रकार वाजविता येईल काय, असे ब्राउझरला विचारण्याची सोय ‘कॅनप्लेटाइप’ या नावाने केलेली आहे. तिला ‘होय’ असे उत्तर कधीच येत नाही. ‘बहुधा’ किंवा ‘कदाचित’ या अर्थाचा शब्द येतो, आणि जमण्यासारखे नसेल तर कोरे उत्तर. शासकीय पत्रव्यवहाराची सवय असलेल्यांना ही शैली अपरिचित वाटू नये!

फाईल योग्य प्रकारची असूनही ती पाठविण्याच्या रीतीत दोष राहू शकतो. सर्व्हर फाईलबरोबर ‘ऑडिओ/एमपेग’ यासारखा प्रकारनिर्देश पाठवितो. तो चुकला तर ब्राउझर ती वाजविण्याचे नाकारू शकतो. शिवाय तासाभराचे भाषण एकदम मागविले जात नाही. ब्राउझर अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतचा तुकडा मागतो, आणि सर्व्हरने २०६ या क्रमांकाचे उत्तर देऊन तेवढाच भाग पाठवावा अशी अपेक्षा असते. कार्यालयातील संगणकावर सुरळीत वाजणारे ध्वनिमुद्रण आयफोनवर मुके राहते, त्याचे मूळ पुष्कळदा येथे सापडते.

परंतु सर्वांत मोठा नकार निराळाच आहे. पान उघडताच जाहिराती मोठ्याने ओरडू लागत, आणि कोणता आवाज कोठून येतो हे शोधण्यात वाचकाची दमछाक होई. एप्रिल २०१८ मध्ये क्रोमच्या ६६ व्या आवृत्तीने नियम केला की, वाचकाने पानावर काही कृती केल्याखेरीज ध्वनी आपोआप सुरू होऊ नये. नियम लोकांच्या हिताचाच होता. पण त्याच्या तडाख्यात ब्राउझरमधील कित्येक जुने खेळ व ध्वनिकलाकृती रातोरात मुक्या झाल्या. ज्यांच्या कर्त्यांनी त्या केव्हाच हातावेगळ्या केल्या होत्या, त्या दुरुस्त कोणी करावयाच्या? निषेध झाला, तेव्हा गूगलने मे महिन्यात वेब ऑडिओपुरता नियम मागे घेतला आणि डिसेंबरमध्ये ७१ व्या आवृत्तीत तो सौम्य करून पुन्हा लागू केला. उत्सवातील कर्ण्याने गावाची झोप मोडू नये हे जितके खरे, तितकेच नाटक रंगात असताना कर्ण्याची तार कापू नये हेही खरे.

येथे एक फसगत संभवते. संगणकावरील क्रोम वाचकाची सवय जोखतो. ज्या संकेतस्थळावर तो नेहमी ध्वनी ऐकतो, तेथे आपोआप वाजविण्याची मुभा मिळते. प्रोग्रामर आपलेच पान दिवसातून पन्नास वेळा उघडतो, म्हणून त्याच्याकडे सर्व वाजते; प्रथमच येणाऱ्या नागरिकाकडे मात्र शुकशुकाट. तेव्हा चाचणी अनोळखी यंत्रावरच घ्यावी. ‘प्ले’ ही आज्ञा दिल्यावर ब्राउझर होकार वा नकार कळविण्याचे वचन देतो. ‘नॉट अलाउड’ असा नकार आला तर परवानगीचा प्रश्न आहे. ‘नॉट सपोर्टेड’ आला तर फाईल अथवा तिचा स्रोत तपासावा. पहिल्या प्रसंगी ‘ऐकण्यासाठी येथे दाबा’ असे ठळक बटण दाखविले की काम भागते. वेब ऑडिओचा संदर्भ स्थगित अवस्थेत असेल, तर त्याच दाबण्याच्या क्षणी तो ‘रिझ्यूम’ करावा.

राहता राहिला तो नकार सर्वांत फसवा, कारण त्यात उत्तरही येत नाही. ध्वनी एका सर्व्हरवर आणि पान दुसऱ्यावर असते. साध्या ऑडिओ घटकातून तो ऐकू येतो. पण आवाज उजळ करण्यासाठी तोच वेब ऑडिओतून फिरविला की काळरेषा सरकत राहते आणि बाहेर केवळ निःशब्दता पडते. परक्या सर्व्हरचा मजकूर परवानगीवाचून वाचला जाऊ नये, म्हणून प्रमाणकानेच तशी योजना केली आहे. ही परवानगी दोन्ही बाजूंनी लागते : ध्वनी ठेवणाऱ्या सर्व्हरने ती आपल्या उत्तरात लिहून द्यावी लागते, आणि पानावरील ऑडिओ घटकाने ‘क्रॉसओरिजिन’ असे नमूद करून ती मागितलेली असावी लागते.